चित्रपट कुठे पाहिला, तेही लिहा

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव आणि गाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठे आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"आमच्या घरी मागच्या दिवाळीला मोठा टीव्ही घेतला, तेव्हापासून रविवारी रात्री जेवणं आटोपली की सगळे मिळून एक पिच्चर पाहतो. बचत गटाच्या आम्ही बायका अधूनमधून यवतमाळला टॉकीजमध्येही जातो. पाहिलेल्या पिच्चरबद्दल मी गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी लिहिते. बाया विचारतात, 'पाहू का हा?', त्यातून सवय लागली. 'शेरनी' पाहून मी लिहिलं की हा ज्यानं काढला त्यानं रात्री वावरात ओलीत (पिकाला पाणी देणं) केलेलं नाही. त्यावर नागपूरला शिकणारा माझा पुतण्या म्हणाला, 'मोठी आई, तुला पिच्चर समजलाच नाही.' 'कोर्ट' मी मोबाईलवर चार-पाच तुकड्यांत पाहिला आणि कंटाळवाणा आहे असं लिहिलं, तेव्हा तर त्यानं हातच जोडले. 'छावा' टॉकीजमध्ये पाहून आम्ही साऱ्या रडत बाहेर आलो होतो. तोच नंतर घरी पाहिला तेव्हा मला बऱ्याच ठिकाणी नुसता आरडाओरडा वाटला, आणि तसंही मी लिहिलं. गटातल्या एकीच्या मुलानं ते वाचून 'महाराजांच्या पिच्चरला नावं ठेवता का?' असं विचारलं. आता आमचे हे म्हणतात, कशाला लिहितेस, आपल्याला त्यातलं काय कळतं? मलाही तसंच वाटू लागलं आहे. एकाच पिच्चरबद्दल माझी दोन मतं होत असतील तर त्यातलं खरं कोणतं? मी लिहिणं बंद करावं का? आणखी एक विचारायचं आहे. सासूबाईंना, वय 77, एकदा टॉकीजमध्ये न्यायचं आहे. 'लापता लेडीज' घरी पाहताना त्या पोट धरून हसल्या होत्या. पण त्यांना ऐकू कमी येतं आणि गुडघे दुखतात. कसं न्यावं?"

ताई,

लिहिणे बंद करू नका. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे देताना मला 'पण' आणि 'परंतु' वापरावे लागणार आहेत. या एका उत्तराला मात्र त्यांची गरज नाही.

तुमच्या गटातील बायका तुम्हाला 'पाहू का हा?' असे विचारतात, कारण त्यांच्यासारखाच दिवस काढून आणि त्यांच्यासारख्याच घरात बसून तुम्ही तो चित्रपट पाहिलेला असतो. वर्तमानपत्रात परीक्षण लिहिणारा माणूस बहुधा चित्रपटगृहापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो. तुमच्या गावातून यवतमाळला जाऊन चित्रपट पाहायचा म्हणजे एक सबंध दिवस जातो, गाडीभाडे लागते, वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते आणि परतल्यावर रात्रीचा स्वयंपाक तसाच पडलेला असतो. एवढे सगळे खर्चून पाहावे असे त्या चित्रपटात काही आहे काय, हा प्रश्न परीक्षणात कधीच येत नाही, कारण लिहिणाऱ्याला तो पडत नाही. तुमच्या चार ओळींत तो येतो आणि त्याचे उत्तरही येते. ते काम दुसरे कोणी करणार नाही. तुमच्या यजमानांना काळजी वाटते ती गावातील वादाची, असे मला पत्रावरून जाणवते. ती काळजी रास्त आहे, आणि लिहिण्यात थोडा बदल केला तर ती बरीचशी दूर होईल.

'छावा'विषयी तुमची दोन मते झाली याचा तुम्हाला संकोच वाटतो आहे. दोन्ही मते खरी आहेत. तो चित्रपट 14 फेब्रुवारी 2025 रोजी चित्रपटगृहांत आला आणि बरोबर आठ आठवड्यांनी, 11 एप्रिलला, नेटफ्लिक्सवर आला. मोठ्या हिंदी चित्रपटांच्या बाबतीत पडदा आणि घर यांत साधारण एवढेच अंतर राखले जाते. चित्रपटगृहात आवाज पडद्यामागून, दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आणि पाठीमागून येतो. संवादांसाठी पडद्याच्या मध्यभागी वेगळा स्पीकर असतो, आणि ढोल, तोफा, टापा हे सारे इतरत्र वाटून दिलेले असते. त्यामुळे रणधुमाळी चालू असतानाही पात्राचे वाक्य स्वच्छ ऐकू येते. घरच्या टीव्हीला तळाशी किंवा पाठीमागे दोन लहान स्पीकर असतात आणि सगळा आवाज त्या दोनांत कोंबला जातो. मग बोलणे पुटपुटल्यासारखे वाटते, युद्ध कानठळ्या बसवते, आणि रिमोट हातात घेऊन आवाज कमीजास्त करण्यातच निम्मे लक्ष जाते. तुम्हाला जो आरडाओरडा वाटला, त्याचा बराच भाग या कोंबाकोंबीतून आला असला पाहिजे.

बराच म्हणते, सगळा नाही. त्या चित्रपटातील पात्रे बोलण्यापेक्षा गर्जना अधिक करतात, असे माझेही मत आहे. अखेरच्या प्रसंगांत पार्श्वसंगीत आवरते घेतले असते, तर संभाजी महाराज आणि कवी कलश यांच्यातील शेवटचे बोलणे अधिक खोलवर गेले असते. चित्रपटगृहात हे तुमच्या लक्षात आले नाही, कारण तेथे अंधार होता, शेजारी मैत्रिणी होत्या, एकीचा पदर डोळ्यांना लागला की दुसरीलाही आवरत नव्हते, आणि त्या राजाचे बलिदान तुम्ही शाळेच्या पुस्तकांतून आणि पोवाड्यांतून लहानपणापासून मनात घेऊन गेला होतात. ते रडणे अस्सल होते. घरी बसल्यावर चित्रपट स्वतःच्या बळावर किती उभा राहतो, हे तुम्हाला अधिक स्पष्ट दिसले. दोन्ही अनुभव लिहिण्याजोगे आहेत, फक्त कोणता कुठला ते वाचणाऱ्याला कळले पाहिजे. 'टॉकीजमध्ये पाहिला तेव्हा अंगावर आला; घरी पाहताना संवाद नीट ऐकू आले नाहीत आणि युद्धाचे प्रसंग लांबल्यासारखे वाटले' असे लिहिले असते, तर ज्या मैत्रिणीने तो अजून पाहिलेला नाही तिला काय करावे हेही कळले असते.

या निमित्ताने तुमच्या टीव्हीविषयी दोन गोष्टी सांगून ठेवते, कारण नव्या मोठ्या टीव्हीवर चित्रपट 'कसातरीच' दिसतो अशी तक्रार पुष्कळांची असते आणि तिचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. चित्रपट साधारणपणे सेकंदाला 24 चित्रे या वेगाने तयार होतो. आजकालचे टीव्ही हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मधली चित्रे स्वतःच तयार करून भरतात. क्रिकेटच्या सामन्यात ते बरे वाटते. चित्रपटात मात्र भला मोठा प्रसंगही रोजच्या मालिकेसारखा सपाट दिसू लागतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राच्या विभागात जाऊन 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' हा प्रकार निवडला की बहुतेक टीव्हींवर ही भरणी कमी होते किंवा थांबते. आवाजाच्या पर्यायांत 5.1 (अनेक स्पीकरांसाठीचा) आणि स्टिरिओ (दोन स्पीकरांसाठीचा) असे दोन्ही दिसत असतील, तर घरच्या साध्या टीव्हीसाठी स्टिरिओ घ्या; संवाद अधिक स्पष्ट येतात. पुतण्या गावी येईल तेव्हा त्याच्याकडून एवढे करून घ्या. पुढच्या रविवारी फरक जाणवेल.

ज्या मुलाने तुम्हाला जाब विचारला त्याच्याशी ग्रुपवर वाद घालू नका. त्याच्या भावना खऱ्या आहेत आणि त्याचे वयही तसेच आहे. त्याची आई तुमच्या गटात आहे, तेव्हा समोरासमोर बसूनच बोला. महाराज वेगळे आणि महाराजांवर काढलेला चित्रपट वेगळा, ही गोष्ट त्याला समजावणे अवघड नाही, कारण याच चित्रपटाचे उदाहरण तुमच्या हाताशी आहे. प्रदर्शनापूर्वी त्याची झलक आली, तेव्हा महाराजांना लेझीम खेळताना दाखवल्याबद्दल अनेकांनी आक्षेप घेतला होता आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकले. आक्षेप घेणाऱ्यांना महाराजांविषयी आदर नव्हता, असे तो मुलगा म्हणू शकेल का? आदर होता म्हणूनच चित्रपट नीट व्हावा असे त्यांना वाटले. तुमचेही तेच म्हणणे आहे. मात्र तुमच्या बाजूनेही एक पथ्य पाळायला हवे. ज्या विषयाशी लोकांची श्रद्धा जोडलेली असते, तेथे 'आरडाओरडा' असा एकच शब्द टाकून थांबू नये. त्या शब्दाचा फोटो काढून कोणीही कोठेही पाठवू शकतो. कोणता प्रसंग आणि तेथे काय खटकले, हे पूर्ण वाक्यात लिहिले की गैरसमजाला जागा उरत नाही.

आता 'शेरनी'. तुमच्या पत्रातील या ओळीवर मी सर्वाधिक वेळ थांबले, आणि तुमच्या पुतण्याचे म्हणणे मला अजिबात पटलेले नाही.

अमित मसुरकर यांचा हा चित्रपट 18 जून 2021 रोजी थेट प्राइम व्हिडिओवर आला, म्हणजे चित्रपटगृहात पाहण्याची सोयच नव्हती. कथा मध्य प्रदेशातील जंगलात घडते, वाघिणीचे नाव टी-12 आहे, आणि ही अमुक एका वाघिणीची कहाणी आहे असा दावा चित्रपट करीत नाही. तरीही पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यातील माणूस तो पाहताना टी-1 ला, म्हणजे अवनीला, विसरू शकत नाही. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या शिवारात ती मारली गेली. तुम्ही त्या पट्ट्यात राहता. ऐन वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, पाऊल टाकायची भीती, मजुरांना टोळीने नेणे आणि टोळीनेच आणणे, ढोरे घेऊन जंगलाच्या कडेला गेलेला गुराखी परतेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागणे, हे तुम्ही बातम्यांतून ऐकलेले नाही. कृषिपंपाची लाईन पाळीने रात्री येते, तेव्हा मोटार सुरू करायला रात्रीच जावे लागते. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) पीक फस्त करतात म्हणून जागलीला जावे लागते, आणि झटका मशीन (विजेच्या सौम्य धक्क्याचे कुंपण) लावले तरी माणसाची जागल काही चुकत नाही. हे ठाऊक असलेल्या बाईला तो चित्रपट समजला नाही, असे नागपूरच्या वसतिगृहातून म्हणणे योग्य नव्हे.

तुमचा आक्षेप मला असा दिसतो: चित्रपट बहुतेक वेळ वनाधिकाऱ्याच्या जीपमधून जंगलाकडे पाहतो. ती अधिकारी प्रामाणिक आहे आणि विद्या बालन यांनी ती फार संयमाने उभी केली आहे. पण गाव आपल्यासमोर येते ते सभेतील गर्दी म्हणून किंवा मृतदेहाभोवतीचा आक्रोश म्हणून. गावातील एक धीट बाई सोडली तर कोणाच्या घरात कॅमेरा फारसा रमत नाही. रात्री दोन वाजता कंदील किंवा बॅटरी घेऊन धुऱ्यावरून निघालेल्या माणसाला काय वाटते, ते आपल्याला दिसत नाही. हा उणेपणा आहे आणि तो तुमच्या नजरेला आला. मुंबईच्या परीक्षकाच्या नजरेला तो सहज येणार नाही.

तरीही तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. त्याच चित्रपटात गावकरी सांगतात की गुरे चारायची जागा सागाच्या लागवडीत गेली, म्हणून गुरे घेऊन आत जावे लागते. त्याच चित्रपटात वाघिणीची वाट खाणीने तोडलेली आहे आणि तिला राष्ट्रीय उद्यानाकडे जायला मार्ग उरलेला नाही. निवडणुकीच्या तोंडावर दोन्ही बाजूचे पुढारी वाघिणीच्या जिवावर आणि माणसांच्या मृत्यूवर राजकारण करतात, तेही त्यात आहे. म्हणजे वाघ गावाकडे का वळतो आणि गाव जंगलात का शिरते, याची जी कारणे तुम्ही स्वतः सांगाल, त्यातील महत्त्वाची कारणे चित्रपटाने सांगितली आहेत, आणि आरडाओरडा न करता सांगितली आहेत. तुमच्या ओळीत याची नोंद नाही. 'ज्यानं काढला त्यानं ओलीत केलेलं नाही' हे वाक्य जोरदार आहे, परंतु ते माणसाविषयी आहे. चित्रपटाविषयी लिहायचे तर त्यात काय आहे आणि काय राहून गेले, दोन्ही लिहा. 'चराईचे दुखणे यात नीट आले आहे, रात्रीच्या ओलिताची भीती मात्र आलेली नाही' असे म्हटले असते, तर पुतण्याला हात झटकून निघून जाता आले नसते. त्याला तुमच्याशी बोलावे लागले असते.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगते आहे, कारण विदर्भातील खेड्यांविषयी चित्रपट थोडे निघतात आणि जे निघतात त्यांविषयी खेड्यातून मत जवळजवळ कधीच येत नाही. आपली बोली तर पडद्यावर बहुधा हसे करण्यासाठीच येते. नोकर, शिपाई किंवा भोळा पाहुणा आला की त्याच्या तोंडी वऱ्हाडी घालायची, ही सवय अजून गेलेली नाही. 2022 मध्ये आलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुले त्यात त्यांच्याच ढंगात बोलतात, आणि प्रेक्षक त्यांच्या बोलण्याला हसत नाही, त्यांच्याबरोबर हसतो. अशा गोष्टी कोठे जमल्या आणि कोठे फसल्या, हे तुमच्यासारख्यांनी लिहायला हवे.

'कोर्ट'च्या बाबतीत मात्र मी थोडी तुमच्या पुतण्याच्या बाजूने आहे. हात जोडणे उद्धटपणाचे होते, आणि तो वयाने लहान असल्यामुळे ते तुम्हाला अधिक लागले असणार. परंतु मोबाईलवर चार-पाच तुकड्यांत पाहिलेल्या 'कोर्ट'ला कंटाळवाणा म्हणणे मला घाईचे वाटते. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला 2014 या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. अर्थात पारितोषिक मिळाले म्हणून तो तुम्हाला आवडलाच पाहिजे असे मुळीच नाही. माझा मुद्दा पाहण्याच्या पद्धतीचा आहे. त्यात कॅमेरा लांब उभा राहतो आणि बराच वेळ हलत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात एखादा कारकून, बाकावर ताटकळलेले पक्षकार, मागे चाललेली दुसऱ्याच खटल्याची कुजबुज, हे सारे एकाच वेळी घडत असते आणि आपण डोळे फिरवून ते शोधायचे असते. मोबाईलच्या पडद्यावर ती माणसे मुंगीएवढी होतात आणि शोधण्यासारखे काही उरत नाही. सुनावणी आटोपल्यावर सरकारी वकील बाई घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबाला घेऊन नाटकाला जातात. तुम्हाला हा भाग भरताड वाटला असेल. पण ज्या बाईच्या युक्तिवादावर एका म्हाताऱ्या शाहिराचे तुरुंगातले दिवस अवलंबून आहेत, ती किती साधी, आपल्या घरातल्यासारखी आहे, हे दिसल्यावर मला धास्ती वाटली होती. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते, लोक निघून जातात, एकेक दिवा बंद होतो आणि कॅमेरा तसाच उभा राहतो. मोबाईलवर पाहणाऱ्याला तेथे व्हिडिओ अडकला असेच वाटणार.

त्या शाहिराची, नारायण कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे होते. ते आयुष्यभर आंबेडकरी चळवळीत राबले, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक होते, आणि एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने गेले. पडद्यावर ते अभिनय करीत आहेत असे वाटत नाही, याचे कारण त्यांच्या आयुष्यात आहे. हे माहीत करून घेऊन एकदा मोठ्या टीव्हीवर, शक्यतो एका बैठकीत, 'कोर्ट' पुन्हा पाहा. तरीही कंटाळा आला तर नि:शंकपणे तसे लिहा, आणि कितव्या प्रसंगाला आला तेही लिहा. त्या मताचा मी मान राखीन. आणि जोवर तसा पाहणे होत नाही, तोवर 'मोबाईलवर तुकड्यांत पाहिला, मला पकड घेता आली नाही' एवढे सांगितले तरी ते पूर्णपणे खरे असेल.

पुतण्याशी संबंध बिघडू देऊ नका. त्याला चित्रपटांची ओढ आहे, तो परीक्षणे वाचतो, कॅमेरा कोठे ठेवला आहे हे त्याला दिसते. पऱ्हाटीत काय घडते हे तुम्हाला दिसते. तो दिवाळीला किंवा पोळ्याला घरी येईल तेव्हा दोघांनी मिळून सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' पाहा. 2009 चा आहे, शोधावा लागेल, आणि ते काम पुतण्या आनंदाने करील. विदर्भातील कापूस पिकवणाऱ्या कुटुंबाची ती कथा आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपल्या नवऱ्याच्या मनात काही येऊ नये म्हणून बायको त्याच्यावर नजर ठेवू लागते आणि लहान मुलालाही त्याच्या मागे लावते. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष या तिघांनी ते घर फार जिवंत केले आहे. विषय जड आहे. घरात किंवा शेजारी असे दुःख नुकतेच घडले असेल तर तो आताच पाहू नका, आणि सासूबाईंना सोबत बसवायचे की नाही हेही आधी ठरवा. पाहून झाल्यावर दोघांनी वेगवेगळे लिहा, एकमेकांचे न वाचता, आणि मग ग्रुपवर एकाखाली एक टाका. यजमानांनाही सोबत बसवा. बी-बियाणे, पेरणी, पावसाची वाट यांबाबत तो चित्रपट कोठे खरा वाटतो आणि कोठे नाही, हे त्यांच्याइतके नेमके आपल्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही, आणि मग 'आपल्याला त्यातलं काय कळतं' हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पुन्हा तपासावासा वाटेल.

आता सासूबाई. त्यांना अवश्य न्या, फार लांबवू नका. 'लापता लेडीज'ला त्या पोट धरून हसल्या, म्हणजे माणसांच्या गोंधळातून उमलणारी, बोलण्यात रंगणारी गोष्ट त्यांना आवडते. तेव्हा युद्धपट किंवा मारामारीचा चित्रपट त्यांच्यासाठी निवडू नका. कौटुंबिक, हलकाफुलका मराठी चित्रपट पाहा, कारण ऐकू कमी येणाऱ्या माणसाला स्वतःच्या भाषेतील संवाद ओठांवरूनही उमगतात. ऐकू कमी येते म्हणून चित्रपटगृह टाळण्याचे कारण नाही. तेथील आवाज मोठा आणि स्वच्छ असल्याने घरच्या टीव्हीपेक्षा त्यांना तेथे अधिक ऐकू येण्याचीच शक्यता आहे. कानाचे यंत्र वापरत असतील तर चित्रपट सुरू होताच त्याचा आवाज कमी करा आणि पहिली दहा मिनिटे त्यांना त्रास होत नाही ना, ते पाहा.

गुडघ्यांसाठी खुर्ची विचारपूर्वक घ्या. जुन्या एकपडदा चित्रपटगृहात बाल्कनीचा जिना टाळून खालच्या भागात, मागच्या बाजूला, कडेची खुर्ची मागा. मल्टिप्लेक्समध्ये दार कोणत्या रांगेपाशी उघडते ते तिकीट खिडकीवर विचारा आणि पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशीच रांग घ्या. लिफ्ट चालू आहे का, हेही तेथेच विचारा. शनिवार-रविवार नको, आठवड्यातील मधल्या दिवसाचा दुपारचा खेळ बरा, गर्दी कमी असते. मराठी चित्रपटांचे खेळ पहिल्या आठवड्यानंतर झपाट्याने कमी होतात आणि वेळा शुक्रवारी बदलतात, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी चौकशी करूनच दिवस ठरवा. एस.टी.त 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि तुम्हा महिलांना अर्धे तिकीट. सासूबाईंचे आधार कार्ड पिशवीत असू द्या. मध्यंतराची घंटा व्हायच्या दोन-तीन मिनिटे आधीच त्यांना घेऊन बाहेर पडा, म्हणजे प्रसाधनगृहाच्या रांगेत उभे राहावे लागणार नाही. पांढरकवड्याकडे परतणारी गाडी किती वाजता आहे आणि ती चुकली तर पुढची कोणती, हे आधी विचारा आणि मगच खेळ ठरवा.